घाम येतो, पण वाळत नाही

देवगड तालुक्यातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमची कातळावर हापूसची कलमे आहेत. माझे सासरे, म्हणजे आमचे तात्या, ७२ वर्षांचे आहेत आणि रक्तदाबासाठी रोज दोन गोळ्या घेतात. काढणीच्या दिवसांत ते सकाळपासून दुपारी दोनपर्यंत गड्यांबरोबर बागेत उभे असतात. गेल्या आठवड्यात भर दुपारी ते भलतेच काही बोलू लागले, गड्याला माझ्या दिरांच्या नावाने हाक मारू लागले आणि चालताना त्यांचा तोल गेला. मांगरात आणून डोक्यावर पाणी ओतले, पंख्याखाली निजवले, तेव्हा अर्ध्या तासाने सावरले. आता ते म्हणतात, एवढा घाम येतोय म्हणजे अंग थंड होतंयच. तहान लागत नाही तर पाणी कशाला प्यायचं. आणि नागपूरला ४४ अंशांत माणसं राहतात, आपल्याकडे तर ३४ च आहे. शरीराचे तापमान मेंदू सांभाळतो असे आम्ही शाळेत शिकलो. मग त्या दिवशी मेंदूने ते का सांभाळले नाही? पुन्हा असे झाले तर तापाची गोळी द्यावी का?"

ताई, तात्या सावरले म्हणून तो प्रसंग मिटला असे कृपया समजू नका. उन्हात काम करणाऱ्या माणसाचे बोलणे असंबद्ध होणे आणि त्याचा तोल जाणे याला थकवा म्हणता येत नाही. हे उष्माघाताच्या उंबरठ्यावरचे लक्षण असू शकते, कारण त्याचा अर्थ असा होतो की ज्या मेंदूने शरीराचे तापमान सांभाळायचे, तो मेंदूच तापू लागला होता. शिवाय या वयात अशीच लक्षणे रक्तातील सोडियम उतरल्याने, साखर कमी झाल्याने किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यात थोड्या वेळापुरता अडथळा आल्यानेही दिसतात, आणि त्यांतला फरक घरबसल्या ओळखता येत नाही. म्हणून काढणीचा एक दिवस बुडाला तरी चालेल, पण तात्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या आणि घडलेले सर्व जसेच्या तसे सांगा. हे करून झाल्यावर पुढचे वाचा. आपल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे, कारण तात्यांच्या तिन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ती धोक्याची आहेत.

मेंदूच्या तळाशी, खोल आत, जेमतेम चार ग्रॅम वजनाचा एक भाग असतो. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. मराठी परिभाषेत त्याचे नाव अधश्चेतक आहे. त्याच्या पुढच्या भागातील काही चेतापेशी उष्णतेला संवेदनशील असतात आणि त्यांच्यापर्यंत येणारे रक्त किंचित तापले तरी त्यांचे संदेश वाढतात. परंतु हे केंद्र रक्त तापेपर्यंत थांबून राहत नाही. त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात, जी ठराविक तापमानाला उघडतात; तेथून निघालेला संदेश मेरुरज्जूमार्गे मेंदूच्या खोडात आणि तेथून या केंद्रात पोचतो, आणि त्यामुळे आतले तापमान वाढण्याच्या आधीच शरीराची तयारी सुरू होऊ शकते. या द्वारांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ओळखलेले द्वार सुमारे ४३ अंशांना उघडते, आणि मिरचीतील कॅप्सेसिननेही उघडते. झणझणीत तिखट खाल्ल्यावर कपाळावर घाम फुटतो तो यामुळेच. थंडीला उघडणारे दुसरे एक द्वार मेंथॉलनेही उघडते. ही माहिती आपल्या घरात उपयोगी पडेल, कारण घामोळ्यांवरची 'थंड' पावडर किंवा डोक्याला लावायचे 'थंड' तेल यांतील मेंथॉलने गार वाटते, पण शरीराचे तापमान त्याने उतरत नाही, आणि गार वाटते म्हणून माणूस उन्हात आणखी वेळ थांबण्याचा धोका मात्र वाढतो.

शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवणे हे या केंद्राचे काम. स्वस्थ बसलेले असतानाही आपले शरीर सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करीत असते आणि झेला घेऊन आंबे काढताना किंवा भरलेले क्रेट वाहताना ती तिपटीवर सहज जाते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी केंद्र पहिल्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणजे आतले तापलेले रक्त पृष्ठभागावर येऊन निवते. माफक हवेत, विश्रांती घेत असताना त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. तीव्र उष्म्यात हे प्रमाण सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. एवढे जादा रक्त फिरवण्याचे काम हृदयाला करावे लागते, आणि तासन्‌तास एका जागी उभे राहिल्यास रक्त पायांत व त्वचेत साठून रक्तदाब घसरतो. उन्हाळ्यात वृद्ध माणसे उभ्या उभ्या चक्कर येऊन पडतात त्यामागे बहुधा हेच असते. दुसरा उपाय घामाचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. तिसरा उपाय वागणुकीचा: अस्वस्थ वाटू लागणे, सावली शोधणे, पाणी मागणे, हातातले काम टाकून बसणे. मेंदूजवळच्या उपायांत हाच सर्वांत परिणामकारक आहे, कारण पहिल्या दोहोंना मर्यादा आहेत आणि याला जवळजवळ नाही. तरीही काढणीच्या घाईत आपण नेमका हाच उपाय दाबून टाकतो. गाडी लागलेली असते, पेट्या भरायच्या असतात, आणि मेंदूने दिलेली अस्वस्थता 'जरा सहन करू' म्हणून बाजूला सारली जाते.

आता घामाबद्दल. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि मेंदूचे संदेश चेतातंतूंमधून त्यांच्यापर्यंत पोचतात. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि ही क्षमता फार मोठी आहे. पण थंडावा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. जो घाम हनुवटीवरून टपकतो, सदऱ्यात मुरतो किंवा पंचाने पुसला जातो, त्याने शरीरातले पाणी आणि मीठ गेले, पण उष्णता जवळजवळ गेलीच नाही. घाम काढण्याची आज्ञा मेंदू देऊ शकतो. तो वाळवणे हवेवर अवलंबून असते. किनाऱ्यावरची हवा समुद्राच्या बाष्पाने आधीच भरलेली असते. देशावर मे महिन्यात माठातले पाणी गार होते तसे ते देवगडात होत नाही, कारण माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी उडून जायला येथे हवेत पुरेशी जागा नसते. तात्यांच्या त्वचेवरच्या पाण्याचेही तेच होते.

नागपूरशी केलेल्या तुलनेचे उत्तर यात आहे. तेथील दुपारी हवेचे तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १२ टक्के धरली, आणि देवगडात ३४ अंश व ६५ टक्के धरली, तर बाष्पाच्या दाबाच्या हिशेबाने नागपूरच्या हवेत घाम वाळवण्याची ओढ देवगडपेक्षा सुमारे दुप्पट निघते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून जे तापमान येते, ज्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात, ते नागपूरच्या त्या हवेत २२ अंशांच्या आसपास आणि देवगडच्या हवेत २८ अंशांच्या वर येते. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, दमट हवेत वेट-बल्ब तापमान ३०-३१ अंशांच्या आसपास पोचल्यावर, अगदी हलक्या हालचाली करणाऱ्या तरुण व निरोगी माणसांनाही आतले तापमान स्थिर ठेवता येईनासे झाले. तात्या तरुण नाहीत, हलक्या हालचालींवर थांबत नाहीत आणि सावलीतही उभे नसतात. कातळाची तापलेली जमीन खालून उष्णता फेकते, ऊन वरून येते, आणि खारा वारा उशिरा सुटला तर दुपारी एकपर्यंत पानही हलत नाही. अशा वेळी ३४ हा आकडा फारसे काही सांगत नाही.

याचा अर्थ विदर्भातले ऊन सौम्य आहे असा मुळीच नाही. तेथे हवा शरीराहून तापलेली असल्याने ती उलट शरीरालाच उष्णता देते आणि अंगातले पाणी झपाट्याने जाते. पण कोरड्या हवेत घाम कामी येतो हे फार पूर्वीच दिसून आले आहे. १७७४ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबून सुखरूप बाहेर आले, त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र कडक झाली. भारतीय हवामान विभागसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी ४० अंशांची आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची मर्यादा धरतो. आणि आपल्याच कोकणातले उदाहरण हवे असेल तर १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानात उन्हात बसलेल्या लोकांपैकी डझनभराहून अधिक जण उष्माघाताने दगावले, तेव्हाही पाऱ्याने चाळिशी गाठलेली नव्हती. तात्यांना हे सांगा.

तहान लागत नाही, हे तात्यांचे म्हणणे खरे असणार, आणि काळजी त्याचीच आहे. रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदूतील काही चेतापेशींना ते कळते. त्या एकीकडे तहान निर्माण करतात आणि दुसरीकडे मूत्रपिंडांना पाणी राखायला लावणारे संप्रेरक सोडवतात. वय वाढते तशी ही तहानेची जाणीव मंदावते. घर्मग्रंथींचा प्रतिसाद कमी होतो, त्वचेतील रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या रुंदावत नाहीत, आणि उकाडा जाणवण्याची संवेदनाही बोथट होते. म्हणजे ७२ व्या वर्षी केंद्राला मिळणारी माहितीही उणी असते आणि त्याच्या हातातील साधनेही उणी असतात. तरुणांच्या बाबतीतही तहान पुरेशी विश्वासार्ह नसते, कारण पाणी घशाखाली उतरताच, ते आतड्यांतून रक्तात पोचण्याच्या कितीतरी आधी, तहानेच्या पेशी शांत होतात आणि झालेली तूट भरून निघाली नसतानाही माणूस तांब्या खाली ठेवतो.

गोळ्यांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून काम करतात. त्यांनी शरीरातील पाणी आणि सोडियम दोन्ही कमी होते. काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे हृदयाला जड जाते. सर्दी-ऍलर्जीवरच्या, झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी घामच कमी होतो. यांपैकी एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कारण रक्तदाब अचानक वाढण्याचा धोका उष्म्याइतकाच मोठा आहे. गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवा, तात्या रोज किती तास उन्हात असतात ते सांगा, आणि उन्हाळ्यापुरता डोस किंवा वेळ बदलावी का, सोडियमची तपासणी करावी का, हे स्पष्टपणे विचारा.

तापाची गोळी देऊ नका. जंतुसंसर्गाने ताप येतो तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे हायपोथॅलॅमस स्वतःच आपले लक्ष्य ३७ वरून, समजा, ३९ अंशांवर नेतो. म्हणून तर अंग तापलेले असूनही आपल्याला थंडी वाजते आणि आपण पांघरूण मागतो. पॅरासिटामॉल त्या द्रव्याची निर्मिती रोखते आणि लक्ष्य पुन्हा खाली येते. उष्माघातात लक्ष्य ३७ वरच असते, केंद्र ते गाठण्यासाठी धडपडत असते, पण उष्णता बाहेर पडत नाही. तेथे ही गोळी काहीच करू शकत नाही, उलट आधीच तापून दुखावलेल्या यकृतावर भार टाकते. ऍस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तीही नको.

पुन्हा असे घडले, म्हणजे बोलणे विसंगत झाले, पावले अडखळली, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर अंग घामाने ओले आहे की कोरडे हे पाहत बसू नका. कष्टाचे काम करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असते, आणि 'घाम आहे म्हणजे उष्माघात नाही' या समजुतीने अनेकदा मोलाचा वेळ जातो. एकाने १०८ वर फोन करावा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करावी, रुग्णवाहिकेची वाट पाहू नये. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांची हानी किती होते हे ते किती वेळ तसे राहिले यावर ठरते, आणि पहिल्या अर्ध्या तासात ते उतरवणे हे सर्वांत मोठे काम असते. सावलीत आणा, कपडे सैल करा किंवा काढा, विहिरीचे पाणी केवळ डोक्यावर न ओतता सर्वांगावर सतत ओतत राहा आणि जोराने वारा घाला. बर्फ मिळाला, आणि बंदराच्या गावात मासळीसाठी तो मिळतोच, तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा येथे ठेवा. काम करणारा एखादा तरुण गडी असा कोसळला तर त्याला गळ्यापर्यंत गार पाण्याच्या टाकीत किंवा मोठ्या टपात बसवणे हा सर्वांत जलद उपाय आहे. मात्र त्याचे डोके कोणीतरी सतत धरून ठेवले पाहिजे. पूर्ण शुद्ध नसलेल्या माणसाला तोंडाने पाणी, सरबत, काहीही पाजू नका. त्या दिवशी आपण पाणी ओतले आणि पंखा लावला, ते योग्यच केले. त्यानेच ते सावरले असण्याचा संभव आहे.

रोजच्या कामात बदल करायचा तर तो वेळेत करा. उजाडल्यापासून साडेदहापर्यंत आणि चारनंतर काढणी, मधल्या वेळेत कोणीही कातळावर नको. आंब्यालाही भर उन्हातली काढणी मानवत नाही, म्हणून हा बदल तात्या कदाचित फळाच्या काळजीने लवकर मान्य करतील. त्यांना 'घरी बसा' म्हणू नका. ज्यांनी उभा जन्म कलमे राखली त्यांना ते अपमानासारखे वाटते. मांगरात पंखा लावून फळांची प्रतवारी, पेट्या भरणे, आढीची देखरेख ही कामे त्यांच्याकडे द्या, ज्यांत त्यांचीच नजर लागते. हवेचे तापमान चाळिशीच्या आत असेपर्यंत पंख्याचा वारा उपयोगी पडतो, आणि त्वचा ओली असेल तर अधिकच. वृद्ध माणसाला घाम कमी येतो ही उणीव साध्या पाण्याने भरून काढता येते: हात, मान, छाती, पाय दर थोड्या वेळाने ओले करायचे आणि पंख्यासमोर बसायचे. घाम कोरड्या पंचाने खसाखसा पुसण्यापेक्षा ओला पंचा अंगावर फिरवणे चांगले. कपडे पातळ, सैल, सुती असावेत. खिशात कांदा ठेवल्याने काही होत नाही.

पाणी तहानेवर सोडू नका. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी अर्धा ते एक पेला, असे घड्याळ पाहून द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. न खाता नुसते साधे पाणी भरमसाट पिणेही बरे नाही, त्याने सोडियम आणखी उतरते. सकाळची मीठ घातलेली पेज ही आपल्याकडची उत्तम सोय आहे, कारण तिच्यात पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही असतात. रक्तदाबामुळे मीठ बेतानेच घाला. सोलकढी चालेल, कोकम सरबतही चालेल, पण मधुमेह असेल तर साखरेकडे लक्ष ठेवा. दारू कोणत्याही रूपात नको. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

आपल्या गड्यांचाही विचार करा. नेपाळहून नुकतेच आलेले तरुण किंवा मुंबईहून मे महिन्यात मदतीला आलेले चाकरमानी धडधाकट दिसतात, पण त्यांच्या शरीराला या हवेची सवय झालेली नसते. रोज थोडा वेळ उष्म्यात काम केल्याने एक ते दोन आठवड्यांत रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. हे बदल होण्याआधी पूर्ण दिवस राबवणे धोक्याचे आहे. पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा. बागेत कोणी एकटे नसावे, कारण ज्याचा मेंदू तापला आहे त्याला आपण भरकटत आहोत हे स्वतःला कळत नाही. ते शेजारच्या माणसालाच दिसते. तात्यांनी त्या दिवशी चुकीचे नाव घेतले, ते गड्याच्या लक्षात आले आणि त्याने आपल्याला हाक मारली असेल, तर त्याला सांगा की त्याने योग्य केले, आणि बाकीच्यांनाही ही खूण समजावून द्या.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या किंवा सोडियम कमी निघाले तर कळवा, म्हणजे पाणी आणि मिठाच्या प्रमाणाबद्दल पुन्हा लिहीन.